चार कडक बेल्जियन एल आणि पाच चीज – क्रम कसा लावायचा?

मृद्गंध:

आठ जणांसाठी बेल्जियन एल (बिअरचाच एक प्रकार) आणि चीजचं टेस्टिंग ठरवलंय. बिअर चार – डूवेल (८.५% अल्कोहोल), वेस्टमाले ट्रिपल (९.५%), शिमे ब्लू (९%) आणि रॉशफोर १० (११.३%). चीज पाच – बकरीच्या दुधाचं ताजं चीज, कामांबेर (मऊ, पांढऱ्या सालीचं), दीड वर्ष मुरलेलं गौडा, एर्व्ह (उग्र वासाचं बेल्जियन चीज) आणि रॉकफोर (निळ्या बुरशीचं).

अडलेल्या गोष्टी अशा. क्रम टक्क्यांप्रमाणे चढता लावायचा का? प्रत्येकी किती मिली आणि किती ग्रॅम धरायचं? सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला चालतील का? आणि ट्रिपलसोबत पिकलेलं कामांबेर खाल्लं की तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते, ती नेमकी कशामुळे? रॉकफोर खाल्ल्यानंतर पुढची प्रत्येक बिअर सारखीच लागते, त्यावर काही इलाज आहे का?

फेसाळ:

टक्के बघून क्रम लावलात तर ८.५, ९, ९.५, ११.३ असा लागेल, म्हणजे शिमे ब्लू ट्रिपलच्या आधी जाईल. घोळ तिथेच होतो. शिमे ब्लूमध्ये भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) आणि मनुका-अंजिराची जड चव आहे. ती जिभेवर असताना ट्रिपलचा घोट घेतला तर ट्रिपल पातळ आणि नुसतीच कडू वाटते, तिच्यातली लिंबाच्या सालीची, मिरीची बाजू हातीच लागत नाही. म्हणून आधी डूवेल, मग वेस्टमाले, मग शिमे, शेवटी रॉशफोर. फिकट आणि कोरड्या (म्हणजे गोडवा नसलेल्या) आधी, गडद आणि भरीव नंतर.

त्याहून मोठी गोष्ट अशी की टेस्टिंगचा क्रम खरं तर चीज ठरवतं. बिअरची चव घोटभर पाण्याने आणि पावाच्या तुकड्याने बरीचशी निघून जाते. निळ्या बुरशीचं चीज मात्र दहा-पंधरा मिनिटं तोंडात रेंगाळतं. मीठ, चरबी आणि बुरशीचा झणका तिन्ही एकदम चिकटून बसतात. तेव्हा चीजची रांग ती किती वेळ रेंगाळतात त्यावरून लावा – बकरीचं, कामांबेर, गौडा, एर्व्ह, रॉकफोर – आणि बिअर त्या रांगेला जोडा. रॉकफोर अगदी शेवटी, त्यानंतर काहीही नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला एवढा एकच इलाज आहे. पाणी, पाव, सफरचंद यातलं काहीही रॉकफोर पूर्णपणे पुसत नाही.

मात्रा. बाटल्या ३३० मिलीच्या असतील असं धरतो. दोन बाटल्या म्हणजे ६६०, त्यातून तळाचा गाळ म्हणून प्रत्येकी २० मिली सोडले की ६२० उरतात. आठ जणांना ७५ मिली दिले की ६०० संपतात. म्हणजे प्रत्येक बिअरच्या दोन बाटल्या बरोबर पुरतात. चार बिअर मिळून माणशी ३०० मिली होतात, पण त्यात जवळजवळ २३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे, हे विसरू नका. ७५ वरून १२० मिलीवर गेलात तर शेवटच्या दोन बिअरला कोणाचीच जीभ जागेवर राहणार नाही. चीज माणशी २५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक प्रकाराचं २०० ग्रॅम. सालीची घट धरून २२० ग्रॅम आणा.

तापमान एक ठेवू नका. डूवेल ६ ते ७ अंश, ट्रिपल ८ ते १०, शिमे ब्लू ११-१२, रॉशफोर १२ ते १४. फ्रिजमधून रॉशफोर आधी काढा, तासभर. शिमे चाळीस मिनिटं. ट्रिपल पंधरा-वीस मिनिटं. डूवेल ओतायच्या वेळीच. खोली किती गरम आहे त्यावर हे कमी-जास्त होईल, म्हणून एक साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ असू द्या. थंडगार रॉशफोर म्हणजे नुसती गोडसर काळी बिअर. वास उघडतच नाही. उलट डूवेल १४ अंशाला गेली की आधी फेस उसळतो आणि मग अल्कोहोलचा भपका येतो.

बाटल्या किमान दोन दिवस उभ्या ठेवा. या चारही बिअर बाटलीत पुन्हा आंबवलेल्या असतात, तळाशी यीस्ट बसलेलं असतं. आडवी ठेवलेली किंवा आदल्या रात्री प्रवास करून आलेली बाटली उघडली की गाळ वर येतो, गॅस त्या कणांवर सुटतो आणि अर्धी बिअर फेसाच्या रूपात बाहेर पडते.

ओतताना हात थांबवायचा नाही. चार ग्लास एका ओळीत तिरपे धरायला कोणाला तरी सांगा, बाटली एकदा कलली की ती तशीच ठेवून एका ग्लासातून दुसऱ्यात जा. दर ग्लासानंतर बाटली सरळ केली तर गाळ प्रत्येक वेळी ढवळला जातो. पहिल्या माणसाला स्वच्छ बिअर आणि चौथ्याला गढूळ. गढूळ बिअर वाईट नसते, पण यीस्टचा पावासारखा कडवट थर आला की एकाच बाटलीतून दोन वेगळ्या चवी होतात आणि मग चर्चेला अर्थ राहत नाही.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचे, २५० ते ३०० मिलीचे. वाइनचे ग्लासही उत्तम चालतात. ओतण्याआधी थंड पाण्याने विसळा आणि पुसू नका. ओतल्यावर काचेच्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लासवर साबण किंवा तेलकटपणा राहिलाय असं समजा. डूवेलच्या स्वतःच्या ग्लासात तळाला कोरलेल्या अक्षरावरून बुडबुड्यांची सलग धार वर येते, ती वेगळी गोष्ट. ती मुद्दाम केलेली असते, फेस टिकावा म्हणून.

खारा_वारा:

क्रमाशी सहमत. नाण्याच्या चवीबद्दल लिहितो, कारण तिथे दोष बहुतेक वेळा बिअरला दिला जातो आणि असतो चीजचा.

कामांबेर सालीकडून आत पिकत जातं. वरची पांढरी बुरशी प्रथिनं तोडते, त्यातून काही कडू तुकडे तयार होतात आणि पुढे अमोनिया सुटतो. फार पिकलेल्या कामांबेरमध्ये हे दोन्ही सालीलगत साठलेले असतात. वेस्टमाले ट्रिपल ही चांगल्यापैकी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) असलेली आणि कोरडी बिअर आहे. हॉप्सचा कडवटपणा सालीच्या कडवटपणावर चढला की तो जिभेच्या मागच्या भागात जाऊन बसतो आणि धातूसारखा लागतो. खात्री करायची असेल तर त्याच तुकड्याची साल काढून फक्त मधला भाग खा आणि वर तोच घोट घ्या. चव गेली तर साल गुन्हेगार.

उपाय सोपा आहे. कामांबेर कमी पिकलेलं घ्या – दाबल्यावर मधोमध थोडं घट्ट लागलं पाहिजे. कागद तासभर आधी उघडून ठेवा म्हणजे कोंडलेला अमोनिया उडून जातो. तासानंतरही नाकाला झोंबत असेल तर ते चीज टेस्टिंगमध्ये ठेवू नका. आणि कामांबेरची जोडी ट्रिपलशी न लावता डूवेलशी लावा. डूवेलमध्ये गॅस भरपूर असतो. ते बुडबुडे लोण्यासारखा थर जिभेवरून अक्षरशः उचलून नेतात. ट्रिपलमध्येही गॅस असतो, पण अंगही (तोंडात जाणवणारा भरीवपणा) जास्त आहे.

मग ट्रिपलला काय? बकरीचं ताजं चीज डूवेल आणि ट्रिपल दोघींबरोबर चालतं. त्याचा आंबटपणा आणि यीस्टमधून येणारा लवंग-मिरीचा वास एकमेकांना धरून असतात. पण खरं सांगायचं तर तुमच्या यादीत ट्रिपलसाठी हक्काचं चीज नाहीच. कामांबेर काढून एखादं ग्रुयेर किंवा कोंते आणलंत तर ट्रिपल एकदम खुलते. या घट्ट चीजमध्ये सुक्या मेव्याचा गोडवा असतो, सालीचा कडवटपणा खाण्यात येत नाही.

एर्व्हबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते घाबरवणारं चीज आहे आणि त्यामुळे लोक ते कोपऱ्यात ठेवतात. बेल्जियमच्या लीएज प्रांतातल्या एर्व्ह परिसराचं, चौकोनी विटेसारखं, नारिंगी सालीचं. १९९६ पासून त्याला युरोपचं मूळस्थानाचं संरक्षण आहे. मिठाच्या पाण्याने साल वारंवार धुतात, त्यामुळे बुरशीऐवजी सालीवर जिवाणू वाढतात आणि तो घामट वास येतो. वासाच्या मानाने आतलं चीज बरंच सौम्य असतं. कमी मुरलेलं सौम्य आणि जास्त मुरलेलं तिखट असे दोन प्रकार मिळतात. टेस्टिंगला सौम्य घ्या. तिथे ते सफरचंद आणि नाशपाती आटवून केलेल्या काळ्या पाकासोबत खातात. तो पाक चाटून बघितला की जोडी आपोआप सुचते: गडद एलमध्येही तीच आटवलेल्या फळाची, काळ्या साखरेची चव आहे. शिमे ब्लू पाकाचं काम करते. एर्व्ह डूवेलसोबत दिलं तर उलट होतं. कोरड्या बिअरमध्ये वासाला आवर घालणारं काही नसतं आणि घामटपणाच पुढे येतो.

साल चाकूच्या पात्याने हलकी खरवडून घ्या, पूर्ण काढू नका. आणि एर्व्ह वेगळ्या ताटलीत, वाडग्याखाली झाकून ठेवा, त्याची वेळ आली की उघडा. नाहीतर पहिल्या डूवेललाही त्याचाच वास येईल.

मृद्गंध:

दोघांचेही आभार. कामांबेर काढत नाही, पण ग्रुयेर वाढवते. म्हणजे चीज सहा होतील, तर माणशी २० ग्रॅम पुरे का?

दोन शंका राहिल्या. आधी बिअरचा घोट की आधी चीज? यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि बेल्जियन बिअरमध्ये साखर घालतात म्हणे, मग ट्रिपलला तुम्ही कोरडी कसं म्हणता? तिचा वास तर गोड येतो.

तळघर:

साखरेचा गैरसमज आधी दूर करू, कारण जोड्या चुकण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे.

ट्रिपल आणि डूवेलसारख्या फिकट एलमध्ये साखर घालतात ती बिअर गोड व्हावी म्हणून नव्हे. साधी साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. माल्टमधून मात्र न आंबणारा काही भाग मागे उरतो, त्यानेच बिअरला अंग येतं. म्हणजे ९.५ टक्के अल्कोहोल नुसत्या माल्टमधून काढलं असतं तर बिअर जाड आणि गोड झाली असती. काही भाग साखरेचा घेतल्याने तेवढंच अल्कोहोल येतं आणि अंग हलकं राहतं. तुम्हाला येतो तो गोड वास यीस्टने तयार केलेल्या एस्टरचा – केळं, नाशपाती, कधी संत्र्याची साल. नाकाला गोड, जिभेला कोरडी. नाकावर विसंबून कोणी ट्रिपलला रॉकफोर लावलं तर मीठ आणि बुरशीची झणझण अडवायला गोडवा नसतो, वर अल्कोहोलची धग, आणि घशात नुसतं चरचरतं.

गडद एलमध्ये गोष्ट वेगळी. तिथे काळ्या पाकासारखी जळवलेली साखर वापरतात, आणि तिचा न आंबणारा भाग चव आणि रंग दोन्ही मागे ठेवतो. रॉशफोर १० मध्ये मनुका, अंजीर, थोडं चॉकलेट जाणवतं, आणि उरलेला गोडवाही खरा असतो. रॉकफोरच्या मिठाने तो गोडवा आणखी उठतो, कारण मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं. म्हणून ही जोडी इतकी बसते. (नावांमुळे गोंधळ नको: रॉशफोर बेल्जियमची बिअर, रॉकफोर फ्रान्सचं मेंढीच्या दुधाचं चीज. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

आता आधी काय. पहिला घोट नेहमी बिअरचा, एकटा. चीजची चरबी लागलेल्या जिभेला बिअर आहे तशी कळत नाही, आणि ओठाला चीज लागलं की ग्लासातला फेसही त्या जागी बसतो. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. लवंग, केळं, मिरी हे सगळं तेव्हा कळतं. मग अंगठ्याच्या नखाएवढा चीजचा तुकडा. लगेच गिळू नका, टाळूला दाबून विरघळू द्या. यापुढे फरक करायचा: मऊ आणि निळ्या चीजला थोडं तोंडात असतानाच घोट घ्या, म्हणजे बिअर त्यातून जाते आणि चरबी धुवून नेते. गौडा, ग्रुयेर पूर्ण गिळून मग घोट. घट्ट चीजचा चुरा आणि बिअर एकत्र झाले की तोंडात पिठूळ लगदा होतो, चव काहीच कळत नाही. घोट तीन-चार सेकंद धरून गिळा, पुन्हा नाकातून श्वास. प्रत्येक जोडीला हे दोनदा करा. पहिल्या वेळी मीठ आणि कडवटपणा एवढंच कळतं, जोडी दुसऱ्या वेळी कळते.

वीस ग्रॅम पुरतात. सहा चीज म्हणजे माणशी १२० ग्रॅम. आधीच्या १२५ च्या हिशेबाला धरून आहे.

वर फेसाळ यांनी ७५ मिलीचा हिशेब दिलाय, त्यातले २० मिली प्रत्येकाने ग्लासात राखून ठेवावेत, विशेषतः शिमे आणि रॉशफोरचे. त्यासाठी ग्लास माणशी दोन तरी लागतील. रॉशफोर १२ अंशाला आणि वीस मिनिटांनी १७-१८ अंशाला, या दोन वेगळ्या बिअर आहेत. गरम झाल्यावर गॅस कमी होतो, चॉकलेट पुढे येतं. रॉकफोरसोबत ती गरम झालेलीच जास्त जुळते. म्हणून रॉशफोर १४ च्या वर नको या मताशी मी सहमत नाही, निदान शेवटच्या जोडीपुरता.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही: बाटलीचं वय. डूवेल आणि ट्रिपल ताज्या घ्या, कारण हॉप्सचा वास आधी जातो. शिमे ब्लू मात्र ठेवण्याजोगी आहे. मोठ्या बाटलीवर वर्षही छापलेलं असतं. दोन-तीन वर्षं अंधारात, थंड जागी ठेवलेल्या बाटलीत कडवटपणा मावळतो आणि शेरीकडे (एक कडक स्पॅनिश वाइन) झुकणारा सुक्या फळांचा वास येतो. मुरलेल्या गौडाला अशी बाटली ताजीपेक्षा सरस. गौडामध्ये पांढरे करकरीत दाणे लागतात ना, ते मिठाचे नाहीत. प्रथिनं तुटून निघालेल्या टायरोसिनचे स्फटिक आहेत. ते असले की चीज पुरेसं मुरलंय आणि त्यात दूध आटवल्यासारखी खमंग चव आली असेल असं समजा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र बाटली हवेने खराब झालेली आहे, ती वाढू नका.

फेसाळ:

तापमानाबद्दल तळघर यांचं बरोबर. मी १४ अंश म्हटलं ते ओतण्याच्या वेळचं. ग्लासात ती चढणारच, चढू द्यावी.

वेस्टमाले, शिमे आणि रॉशफोर या मठांच्या बिअर आहेत, तेव्हा मठाचंच चीज आणावं का, हा प्रश्न पुढे येईल म्हणून आताच लिहितो. शिमेच्या मठाचं चीज १८७६ पासून बनतं, ओर्वाल आणि वेस्टमाले या मठांचंही चीज असतं. पण एकाच मठाची बिअर आणि चीज जुळतातच असं नाही. शिमेचं साधं अर्धमऊ चीज सौम्य असतं, ९ टक्क्यांच्या ब्लूखाली ते दबून जातं. ते ट्रिपलजवळ ठेवून बघा. बिअरने साल धुतलेला प्रकार मिळाला तर तो शिमे ब्लूसोबत उभा राहतो.

बेल्जियमच्या कॅफेंमध्ये बिअरसोबत चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ देतात. गप्पा मारत प्यायला तो प्रकार झकास आहे, टेस्टिंगमध्ये मात्र मोहरी टेबलावर नको. एका बोटभर मोहरीने पुढच्या दोन बिअर जातात. बिनमिठाचा साधा पाव आणि साधं पाणी, बर्फाशिवाय. खारे बिस्किट, लोणचं, द्राक्षं काही नको. द्राक्षाचा गोडवा ट्रिपलला उगाच आंबट करतो.

खारा_वारा:

कापण्याबद्दल राहिलं. कामांबेरचे तुकडे केकसारखे मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे प्रत्येकाला साल आणि मधला भाग दोन्ही मिळतील. गौडाच्या चकत्या करू नका. चाकूचं टोक खुपसून पिरगाळा, नैसर्गिक ढेकळं सुटतात आणि चव जास्त मोकळी होते. रॉकफोर चाकूने चिरडतं, पातळ तारेने किंवा न वापरलेल्या साध्या दोऱ्याने कापा. प्रत्येक चीजला वेगळा चाकू. निळी बुरशी दुसऱ्या चीजवर फार लवकर चढते, आणि उरलेलं ठेवायचं असेल तर ते परवडणारं नाही.

फ्रिजबाहेर काढण्याच्या वेळा: गौडा आणि ग्रुयेर तासभर आधी, कामांबेर आणि एर्व्हही तासभर, रॉकफोर अर्धा तास, कारण त्याला पाणी सुटतं. बकरीचं ताजं वीस मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर चिकट होतं. ताटलीत घड्याळासारखं मांडा. बाराच्या जागी बकरीचं, मग उजवीकडून फिरत कामांबेर, ग्रुयेर, गौडा, आणि शेवटी रॉकफोर. एर्व्हची जागा गौडा आणि रॉकफोरच्या मध्ये रिकामी सोडा, ते झाकणाखालून नंतर येऊ द्या.

उरलेलं चीज प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, घाम सुटून साल कुजते. मेणकागद, आणि त्यावर सैल डबा. एर्व्ह आणि रॉकफोरचे डबे वेगळे.

मृद्गंध:

सगळं लिहून घेतलं. डूवेल – बकरीचं आणि कामांबेर. ट्रिपल – ग्रुयेर. शिमे – गौडा, मग एर्व्ह. रॉशफोर – रॉकफोर. बाटल्या आजच उभ्या करून ठेवते. तळाचा गाळ टाकून द्यायचा का?

तळघर:

टाकू नका. चारही बाटल्यांचा गाळ छोट्या ग्लासांत वेगवेगळा ओता आणि एक-एक चमचा चाखा. डूवेलचा गाळ पावाच्या कच्च्या पिठासारखा, रॉशफोरचा जवळजवळ कोकोसारखा लागतो. फक्त रॉकफोरच्या आधी चाखा.